तेविसाचे बत्तीस

सहा आठवडे ओळीने छापावी लागते नोटीस,
इथे डाकोटात असा कायदा आहे.
म्हणून मी मजकूर सोडतच नाही.
सुतळीने आवळून तसाच ठेवते दगडावर:
तमाम लोकांस कळविण्यात येते की
अमुक तारखेस, सकाळी दहा वाजता,
कोर्टाच्या पुढल्या पायऱ्यांवर,
सर्वांत चढ्या बोलीस, रोखीने.
बदलायचं ते नाव, तारीख आणि जमिनीचे आकडे.
बाकीचे शब्द सगळ्यांना तेच.

मोठ्या एसचा खण यंदा पुरत नाही.
शेरीफ, सेक्शन, सेल, साउथ,
प्रत्येकाला हवा मोठा एस.
मिस्टर लोव्हेट म्हणाले, डॉलरचं चिन्ह घाल, कोण वाचतंय.
वाचतात.
गुरुवारी पेपर निघाला की मागचं पान आधी उघडतात,
फुटपाथवरच, उभ्या उभ्या,
आणि शेजाऱ्याचं नाव दिसलं की घडी घालतात.

खोटं कशाला बोलू, माझा पगार त्याच पानातून निघतो.
वर्गणीच्या बदल्यात लोक अंडी आणतात.
एकाने जिवंत टर्की आणला,
दोन दिवस तो छापखान्यात शाईच्या पायांनी हिंडत होता.
विमा कंपनी मात्र ओळीमागे रोख मोजते.

मे महिन्यात आलं इमानुएल ग्रॉसहान्सचं नाव.
सेक्शन तेवीस, वायव्येचा चतकोर.
त्या चतकोरावर मी कलिंगडाचं लोणचं खाल्लंय,
त्याच्या आईने पिंपात आख्खी मुरवलेली कलिंगडं.
गहू तेव्हा बोटभर वर आला होता.

मी स्टिकमध्ये तीन ठेवला, मग दोन ठेवला.
खिळे जुळवणाऱ्याला सगळं उलटंच दिसतं.
त्यात आमच्या घरच्या जर्मनमध्ये
तीन आधी म्हणतात, वीस मागून.
एवढंच मी वकिलाला सांगितलं,
नंतर, हात पुसत.

सेक्शन बत्तीस म्हणजे निव्वळ पाणथळ.
सहा आठवडे विमा कंपनीने बदकं लिलावात काढली होती
नि कुणाच्या लक्षात आलं नाही.
पायऱ्यांवर शेरीफ वाचता वाचता अडखळला.
टोपी मागे सारली. पुन्हा वाचलं.
कंपनीचा माणूस म्हणाला, रद्द.
पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा सहा आठवडे.
मी मनात महिने मोजले: जुलै, अर्धा ऑगस्ट.

सोमवारी इमानुएल आला.
बूट न पुसता दारातच उभा राहिला.
"आमच्या कुंपणावरून पडून दात पाडून घेतलास तू,
आणि माझी जमीन कुठे आहे ते तुला ठाऊक नाही?
घ्यायचीच आहे तर नीट लिहून तरी घ्या.
बत्तीस! लोक म्हणतायत,
ग्रॉसहान्स इतकी वर्षं चिखल पेरत होता."

मी माफी मागितली.
त्याने पेपर बंद केला,
वर्गणीतले उरलेले अठ्ठावीस सेंट परत मागितले.
मी गल्ल्यातून काढून दिले.
ते त्याने मोजून घेतले.

दुसऱ्या खेपेला आकडे बरोबर बसवले.
मिस्टर लोव्हेटनी एकेका आकड्यावर बोट ठेवलं,
मग माझ्याकडे बघितलं, मग खिडकीबाहेर.
फुकट छपाईचे पैसे माझ्या पगारातून कापले.

गहू कापून झाला, मळून झाला.
एलिव्हेटरवर काय भाव मिळाला ते मी विचारलं नाही.
विचारायला तो बोलत नव्हता माझ्याशी.
लिलावाला एकच बोली आली, कंपनीची.
शेरीफ मोठ्याने वाचत होता आणि थांबत होता
मी जिथे जिथे स्वल्पविराम दिला होता तिथेच.

संध्याकाळी सुतळी सोडली.
नाव तेवढं उचललं, खिळे खणांत टाकले:
जी, आर, ओ. तीन एस.
त्यांतले दोन लगेच लागले.